पैसे घेताना दुकान आपले, तक्रार आली की कंपनीचे?

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाड येथील टीव्ही व इतर घरगुती उपकरणांचे सर्व विक्रेते

दि. १५ डिसेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

नवा टीव्ही बिघडल्याबद्दलच्या या पत्रातला बराचसा मजकूर मी दीड महिन्यापूर्वी एका दुकानाला लिहून पाठवला होता. त्याचे उत्तर आले नाही, म्हणून आता तो आपणा सर्वांपुढे ठेवतो आहे. त्या दुकानाचे नाव येथे मुद्दामच घेत नाही, कारण गेल्या दोन महिन्यांत मी ज्यांना ज्यांना माझे गाऱ्हाणे सांगितले, त्यांतल्या अनेकांनी नाव दुसऱ्या दुकानाचे घेतले आणि कहाणी मात्र तीच सांगितली. तेव्हा हा प्रश्न एका शेठजींचा राहिलेला नाही. तो आपल्या बाजारात पडलेल्या एका रिवाजाचा आहे.

२२ सप्टेंबरपासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दुकानादुकानांवर तसे फलक लागले. ते वाचून मी दसऱ्याच्या मुहूर्तावर, २ ऑक्टोबरला, ४३ इंची टीव्ही घेतला. बिल ३१,४९० रुपयांचे झाले. घरातला जुना पण धडधाकट टीव्ही १,५०० रुपयांना एक्स्चेंजमध्ये दिला, १०,००० रुपये रोख भरले आणि उरलेल्या १९,९९० रुपयांचे दुकानातच टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याकडून दहा हप्ते करून घेतले. दुसऱ्या दिवशी टेम्पोने खोके घरी आले. कंपनीचा माणूस आल्याशिवाय ते उघडायचे नाही, अशी सक्त सूचना होती. तो माणूस ६ तारखेला आला, त्याने टीव्ही भिंतीवर बसवला, पाच मिनिटे रिमोट समजावून सांगितला आणि निघून गेला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, म्हणजे खरेदीनंतर सोळाव्या दिवशी, पडद्याच्या उजव्या भागात वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ उमटली. पाडव्यापर्यंत त्या रेघेच्या उजवीकडचा सगळा भाग काळा पडला. २३ ऑक्टोबरला आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाने न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकात शतक ठोकले, ते माझ्या नऊ वर्षांच्या नातीने अशा अर्धवट पडद्यावर पाहिले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तो सामना पाहायला आम्ही शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसलो, कारण तोवर नव्या टीव्हीचा नुसता आवाज उरला होता आणि जुना टीव्ही आपण घेऊन गेला होता. नातीचा रुसवा हा काही तक्रारीत मांडायचा विषय नव्हे, हे मला समजते. पण कायद्याच्या कागदांत ज्याला 'मानसिक त्रास' असे कोरडे नाव असते, तो घराघरांत साधारण असाच दिसतो.

रेघ दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिल घेऊन दुकानात गेलो. दिवाळीची गर्दी होती. ज्या मुलाने दसऱ्याला मला "काका, चहा घेणार का?" असे विचारले होते, त्यानेच या वेळी मोबाईलवरून मान वर न करता सांगितले, "काका, बिलावर कंपनीचा टोल फ्री नंबर आहे, तिकडे फोन करा. आमच्या हातात काही नसतं."

माझी पहिली आणि खरी तक्रार या एका वाक्याविरुद्ध आहे. उरलेल्या तक्रारी त्याच्याच पोटातून निघाल्या आहेत.

मी एकतीस वर्षे मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होतो. हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आठवेल की हळद जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षे मुजवून ठेवलेली असे आणि पेव फोडेपर्यंत आतला माल कोणाच्याही नजरेस पडत नसे. पेव फोडल्यावर माल दुखावलेला निघाला, तर खरेदीदार आमच्या गादीवर येई. "पेवाच्या मालकाला गाठा, आमच्या हातात काही नसतं," असे आमच्या शेठजींनी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही. पैसे गादीवर घेतले होते, म्हणून तक्रारही गादीवरच ऐकून घेतली जाई. पेवाच्या मालकाशी काय भांडायचे ते शेठजी मागाहून भांडत. टीव्हीचे बंद खोके हे आजचे पेवच आहे. ते फोडल्यावर आत काय निघेल, हे मलाही माहीत नसते आणि आपल्यालाही नसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बिलावर सही-शिक्का आपला आहे, पैसे आपल्या खात्यात जमा झाले आहेत, आणि कंपनीशी माझा एका पैशाचाही व्यवहार झालेला नाही.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. माल विक्री अधिनियम १९३० च्या कलम १६ नुसार, जो त्या प्रकारच्या मालाचाच व्यापार करतो त्याच्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विकण्यायोग्य प्रतीचा असेल ही अट विक्रीत गृहीतच धरलेली असते, आणि ती विक्रेत्याला बांधणारी असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याच्या पुढे जातो. त्याच्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तीत सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही एक प्रथा म्हणून स्पष्ट नोंदवलेली आहे. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर तेवढी, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवस. माझ्या बिलावर मुदत लिहिलेली नाही. तेथे फक्त "विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही" असे बारीक अक्षरांत छापले आहे. हे वाक्य आपल्या बहुतेक बिलांवर पिढ्यानपिढ्या छापले जाते, म्हणून ते नियमच आहे असे आपल्यालाही वाटत असावे आणि आम्हालाही वाटत होते. आवडला नाही म्हणून परत आणलेल्या शर्टाला ते लावा, माझे काही म्हणणे नाही. सदोष निघालेल्या वस्तूला ते लावता येत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पहिल्याच महिन्यात बिघाड झाला की नवा सेट मिळालाच पाहिजे, असे काही आपोआप ठरत नाही. सैल झालेली वायर किंवा अडलेले सॉफ्टवेअर तासाभरात दुरुस्त होत असेल, तर त्यासाठी नवा टीव्ही मागणे मलाही शोभणार नाही. पण ज्याचे पॅनेलच, म्हणजे चित्र उमटवणारा पडदाच, गेले आहे, त्या टीव्हीचा मुख्य अवयव गेला आहे. माझ्या ३१,४९० रुपयांच्या टीव्हीच्या नव्या पॅनेलसाठी कंपनीने १८,७०० रुपयांचा अंदाज दिला आहे, यावरून काय ते समजावे.

हा अंदाज मुळात माझ्या माथी का आला, ती माझी दुसरी तक्रार. टोल फ्री नंबरवर नोंद केल्यानंतर नवव्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, टेक्निशियन आला. त्याने टीव्ही चालू केला, दोन फोटो काढले आणि मला म्हणाला, "काका, मोबाईलवर ओटीपी आलाय तो सांगा." मी विचारले, कशासाठी? तो म्हणाला, "मी येऊन गेलो एवढं दाखवायला लागतं, नाहीतर माझी व्हिजिट धरत नाहीत." मी ओटीपी सांगितला. संध्याकाळी संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. टीव्ही काळाच होता. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर समजले की टेक्निशियनने 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारला आहे, सबब वॉरंटी लागू नाही. हा शेरा त्याने माझ्यासमोर उच्चारलाही नव्हता. जॉब शीटची प्रत मागितली, तर ती आता कागदावर निघत नाही असे उत्तर मिळाले.

पडद्याला मार लागला, तर मार लागलेल्या जागेपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा फुटतात. त्या बिंदूवर बोट ठेवून दाखवता येते आणि अनेकदा बोटाला खाच लागते. माझ्या पडद्याची काच गुळगुळीत आहे. तिच्यावर ओरखडासुद्धा नाही. वरपासून खालपर्यंत सरळ जाणारी एकरंगी रेघ बहुधा पॅनेलच्या कडेला काचेशी जोडलेल्या पातळ पट्ट्यांचा जोड सुटल्याने किंवा पडद्याला संकेत पुरवणारा बोर्ड बिघडल्याने येते. हे मला शहरातल्या एका जुन्या, जाणत्या मेकॅनिकने टीव्ही पाहून सांगितले आणि तसे लिहूनही दिले. १४ नोव्हेंबरला कंपनीचा दुसरा टेक्निशियन आला, तोही तोंडी हेच म्हणाला. नोंदीत मात्र त्याने 'पॅनेल फॉल्टी' एवढे दोनच शब्द लिहिले, कारण आधीच्याचा शेरा बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. मग मी व्होल्टेजचा विषय काढला जाण्याची वाट पाहिली, आणि तोही निघाला. घरात स्टॅबिलायझर आहे का, असे मला फोनवर विचारण्यात आले. टीव्हीच्या पाठीवरच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे, हे मी वाचून दाखवले. त्यानंतर फोनवर संगीत वाजू लागले.

यात आपला काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा की त्या टेक्निशियनच्या शेऱ्याला उत्तर देण्याइतके वजन माझ्यासारख्या एकट्या माणसाच्या शब्दाला नाही; वर्षाला शेकडो सेट उचलणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दाला आहे. खोके आपल्या गोदामातून निघाले, आपल्या टेम्पोतून आले आणि कंपनीच्याच माणसाने ते फोडले. या तीन हातांपैकी कोणाच्या हातून मार लागला असेल, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. चौथा हात ग्राहकाचा, तेवढाच धरला गेला.

तिसरी तक्रार छोटी आहे, पण ती मला अधिक लागली. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे तीस दिवस पुरे व्हायच्या आत, मी लेखी तक्रार घेऊन दुकानात गेलो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. "पोच देण्याची आमच्याकडे पद्धत नाही," असे सांगून अर्ज परत माझ्या हातात ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी मी तो पोस्टाने पाठवला. रजिस्टर पोस्ट यंदा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले असल्यामुळे तो स्पीड पोस्टने गेला, आणि तो दुकानात पोचल्याची नोंद माझ्याजवळ आहे. ज्या व्यापारात कागदाच्या चिठोऱ्यावरच्या सहीने लाखाचे सौदे होताना मी पाहिले, त्याच शहरात एका अर्जाची पोच मिळवायला पोस्ट खात्याची मदत घ्यावी लागली.

चौथी गोष्ट हप्त्यांची आणि जादा वॉरंटीची. टीव्ही बंद असला तरी १,९९९ रुपयांचा हप्ता दरमहा ५ तारखेला न चुकता कापला जातो. फायनान्स कंपनीचा करार वेगळा आहे आणि तिचे पैसे तिला मिळालेच पाहिजेत, हे मी जाणतो. पण तो करार आपल्याच दुकानात, आपल्याच टेबलावर, आपल्याच माणसाच्या आग्रहाने झाला होता. त्याच टेबलावर दोन वर्षांची जादा वॉरंटी २,४०० रुपयांना घेण्याचाही आग्रह झाला. मी ती घेतली नाही, ते बरे झाले, कारण नंतर वाचले तर ती कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होणार होती, आणि तीही तिसऱ्याच एका कंपनीची होती.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. टीव्हीवर आपल्याला सुटणारा नफा थोडा, कंपन्या माल परत घ्यायला खळखळ करणार, आणि वर ऑनलाइन विक्रीची टांगती तलवार. पण ऑनलाइन घेऊ नका, आपल्या गावच्या दुकानातून घ्या, असे आपण आम्हाला सांगता, तेव्हा त्यामागे एकच कारण असू शकते: काही बिघडले तर दाद मागायला समोर माणूस असतो. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. समोरचा माणूसच जर पोच देत नसेल, तर मी पुढच्या खेपेला आपल्या पायऱ्या कशासाठी चढायच्या?

आता मागण्या. त्या मी फक्त माझ्या दुकानाकडे नव्हे, तर आपल्या सर्वांकडे, आणि आपली जी काही व्यापारी संघटना असेल तिच्याकडे करतो आहे.

बिलावरचे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य काढून टाका आणि त्या जागी सदोष माल किती दिवसांत परत घेऊन पैसे परत कराल, ते स्पष्ट मराठीत लिहा. तीस दिवसांच्या आत आलेली तक्रार दुकानातच लिहून घ्या, तारीख-शिक्क्यानिशी पोच द्या, आणि कंपनीकडे तिची नोंद व पाठपुरावा आपण स्वतः करा. टोल फ्री नंबर हे ग्राहकाला मिळालेले जादा साधन आहे, आपल्या जबाबदारीतून सुटण्याची ती वाट नव्हे.

खोके ग्राहकासमोर उघडले जाईल तेव्हा सेट किमान अर्धा तास चालवून दाखवण्याची व्यवस्था करा. त्यात पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा दाखवावा, सर्व एचडीएमआय जोडण्या तपासाव्यात, आणि सेटचा अनुक्रमांक व उत्पादनाचा महिना बिलावर लिहिलेला असावा. काच शाबूत असल्याची नोंद त्याच वेळी दोघांच्या सहीने झाली, तर पुढचा निम्मा वाद उरणारच नाही, आणि एखादा लबाड ग्राहक स्वतः आपटलेला टीव्ही घेऊन आला, तर आपलेही रक्षण होईल.

दुरुस्ती झाल्याशिवाय ओटीपी मागितला जाणार नाही, हे आपल्या कंपन्यांकडून वदवून घ्या. 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारायचा असेल तर तो ग्राहकासमोर, कारणासह आणि छायाचित्रासह लिहिला जावा, आणि ग्राहकाने हरकत घेतली तर दुसऱ्या टेक्निशियनची तपासणी विनामूल्य व्हावी, तिचा निष्कर्ष पहिल्यापेक्षा वेगळा असेल तर तो धरला जावा. तीस दिवसांच्या आत पॅनेल गेले असेल, तर नवा सेट किंवा पूर्ण रक्कम, यांतले काय ते ग्राहकाने ठरवावे. आणि निर्णय होईपर्यंत, तो कितीही लहान असो, एक चालू टीव्ही त्याच्या घरी ठेवावा. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये आपण नेलेला असतो, हे विसरू नये.

माझ्या स्वतःच्या प्रकरणात मागणी एवढीच आहे: त्याच मॉडेलचा नवा सेट द्यावा, किंवा ३१,४९० रुपये परत करून फायनान्सचे खाते आपल्या खर्चाने बंद करून द्यावे. त्यासाठी मी ३१ डिसेंबरपर्यंत थांबेन.

त्यानंतर मी काय करणार, तेही सांगून ठेवतो, म्हणजे धमकी दिली असे वाटायला नको. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर माझी तक्रार नोंदवलेली आहे. जानेवारीत मी सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे विक्रेता आणि कंपनी या दोघांविरुद्ध तक्रार दाखल करेन. कंपनीचे मुख्य कार्यालय परराज्यात असले तरी २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तेथे दाद मागण्याची सोय केली आहे. दिलेल्या किमतीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा माझ्याजवळ वेळही पुष्कळ आहे. टीव्ही प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवावा, अशी विनंती मी स्वतःच करणार आहे. त्याचे शुल्क आधी मला भरावे लागले तरी चालेल. तपासणी लागणारे प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तो काळ लांबतो, हे अनुभवी माणसे सांगतात, आणि मध्यस्थीची तरतूदही कायद्यात आहे. मध्यस्थीला बसायची माझी तयारी आजही आहे. त्यासाठी आयोगाची पायरी चढावी लागेल असे नाही, आपल्या दुकानातल्या त्याच टेबलापाशी बसूनही ती होऊ शकते.

ज्यांच्या घरी असाच बंद टीव्ही भिंतीवर आहे, त्यांना एक विनंती: खोके, बिल आणि मोबाईलवर आलेले संदेश टाकून देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हळद बाजारातील एक निवृत्त दिवाणजी
सांगली

सोबत: बिलाची प्रत, ३१ ऑक्टोबरचा अर्ज व स्पीड पोस्टची पावती, मेकॅनिकचा लेखी अभिप्राय, पडद्याची चार छायाचित्रे.